साडूच्या मापाचा स्विंग

माझ्या साडूचा उजवा हात सहा-सात महिने माझ्या डोळ्यांदेखत बिघडत गेला आणि तो बिघडतोय हे सगळ्यात आधी मला दिसलं. तेव्हा ही गोष्ट त्या हाताची आहे, गोल्फची नाही. गोल्फबद्दल मला काडीचा आदर नाही. लिंबाएवढा चेंडू लांब पाठवायचा आणि तो कुठे गेला ते बघत उभं राहायचं, याला खेळ म्हणत असतील तर गच्चीवरून कबुतरं हाकलणारे सगळे खेळाडूच म्हणायचे.

मी शिंपी आहे. डोंबिवली पूर्वेला माझं दुकान आहे. शर्ट, पँट आणि लग्नसराईत सूट. गिऱ्हाइकं मला मास्तर म्हणतात. साडूही मास्तरच म्हणतो, फक्त तो म्हणतो तेव्हा त्यात चिमूटभर तिखट असतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सासऱ्यांना जावई दोनच; एक केमिकल कंपनीत ऑफिसर, दुसरा शिंपी. चौतीस वर्षं सासुरवाडीच्या पंगतीत आमची पानं शेजारी मांडली गेली आणि आग्रह कायम आधी त्याच्या पानाला झाला. हे मी कधीच विसरून गेलोय असं मी सगळ्यांना सांगतो.

रिटायर झाल्यावर त्याने ठाण्यातला जुना फ्लॅट विकला आणि कोलशेतला एका टॉवरमध्ये घर घेतलं. तिथे पूर्वी कारखाना होता. आता पाच टॉवर आहेत, पाचांना कुठल्या कुठल्या परदेशी झाडांची नावं आहेत, आणि त्यातलं एकही झाड आवारात नाही. पाणी टँकरचं. सातव्या मजल्यावर, पार्किंगच्या डोक्यावर, हिरव्या प्लास्टिकची लांबलचक सतरंजी अंथरलेली. बाजूंनी आणि वरून जाळी. समोर पन्नासेक पावलांवर कापडी पडदा, त्यावर मधोमध एक उभी रेघ आणि रेघेवर एकाखाली एक रंगीत वर्तुळं. याला म्हणायचं गोल्फ. भरतीच्या वेळी खाडीचा वास थेट तिथवर येतो, तेव्हा ही मंडळी नाकाला रुमाल लावतात आणि गावातल्या कोळणीकडून घेतलेल्या जिताड्याचं मात्र कौतुक सांगतात.

आम्ही नवराबायको महिन्यातून दोन रविवार तिकडे जेवायला जायचो. जेवणाआधी साडू मला खाली घेऊन जायचा, त्याचा खेळ बघायला. मी बाकावर बसायचो. ज्यांनी जन्मात कधी गल्लीत क्रिकेटही खेळलं नाही असे म्हातारे एका हातात पांढरा मोजा घालून ओळीने उभे असायचे. एकाच हातात. दुसरा हात बहुधा गरिबांसाठी राखून ठेवलेला.

त्यांचा कोच लोकलने दिव्याहून यायचा. तिशीतला माणूस. अंगात रेडिमेड टी-शर्ट, इतका घट्ट की मुंढा काखेत रुतलेला. मुंढा म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात ती गोलाई. ती चुकली की माणूस दिवसभर हात अंगापासून लांब धरून चालतो, आणि हा तसाच चालायचा. त्याची शिकवण्याची पद्धत अशी की मोबाइलवर एका सहा फुटी गोऱ्या खेळाडूचा व्हिडिओ हळू करून दाखवायचा आणि म्हणायचं, असं करा. आणि हे सगळे, कोणाचा गुडघा गेलेला, कोणाची मान आखडलेली, तसं करू बघायचे.

माझा साडू पाच फूट तीन इंच. मान नाही म्हटलं तरी चालेल. छाती पिंपासारखी, हात आखूड, आणि पोट ऑफिसराला शोभेल असं. तो डावा हात ताठ धरून, डावी टाच जमिनीला चिकटवून, त्या सहा फुटी माणसासारखा मागे वळायचा. हात छातीवरच अडायचे. मग तो कमरेतून हिसका मारायचा आणि चेंडू जाळीत. कोच म्हणायचा, "अंकल, अजून टर्न पायजे." मी बाकावर मनात म्हणायचो, रेडिमेडवाला तो रेडिमेडवालाच. माप एकच, माणूस त्यात कोंबायचा.

एका रविवारी मला राहवलं नाही. टेप माझ्या खिशात असतोच. मी उठलो.

"साडूभाऊ, सरळ उभे राहा जरा."

"आता सूट शिवताय की काय माझा?"

"हात सैल सोडा. पोट आत घेऊ नका, मी मुलगी बघायला आलेलो नाही."

म्हातारे हसले. साडूही हसला, नाइलाजाने. मी चारचौघांत त्याचं माप घेतलं. छाती चव्वेचाळीस, पोट सेहेचाळीस, बाही साडेएकवीस. मग त्याचा उजवा पाय चार बोटं मागे घेतला, म्हणजे कमरेला वळायला जागा झाली. डावी टाच उचलू दिली. डावा कोपर थोडा वाकू दिला, कारण एवढ्या छातीवरून एवढा हात ताठ जाणारच नाही. कापड पुरत नसताना ओढलं की शिवण उसवते. खडूने सतरंजीवर त्याच्या पावलांभोवती रेघा मारल्या आणि म्हटलं, आता इथेच उभे राहून मारा, आणि त्या गोऱ्याला विसरा.

तिसरा चेंडू सरळ गेला आणि वरच्या वर्तुळात बसला. चौथाही. साडूने माझ्याकडे वळून पाहिलं. त्या दिवशी जेवताना जिताड्याचा मधला तुकडा त्याने स्वतःहून माझ्या पानात वाढला. एवढ्या एका तुकड्यासाठी मी पुढे किती आंधळा झालो ते आता लिहायला बसलोय.

मग काय, दर रविवारी म्हातारे माझी वाट बघायला लागले. मास्तर, माझं पण बघा. मी बघायचो. एकाचा उजवा खांदा बोटभर खाली, त्याला चेंडू पुढे ठेवायला लावला. एकाची पाठ वाकलेली, त्याला काठी लांब दिली. काठी म्हटलं की साडू दुरुस्ती करायचा, "क्लब म्हणा, मास्तर." मी मुद्दाम काठीच म्हणायचो. कोच लांब उभा राहून बघायचा आणि काही बोलायचा नाही. मला वाटायचं, बोलेल काय, अब्रू गेली बिचाऱ्याची. त्याची ती शांतता मला फार गोड लागायची.

आणि यात एकाही माणसाला मी त्याचा दोष तोंडावर सांगितला नाही. आमच्या धंद्यात ती रीतच नाही. पडलेला खांदा दिसला की आतून गादी घालायची. पाठीला पोक असलं की मागे कापड वाढवायचं. गिऱ्हाईक आरशात सरळ दिसलं पाहिजे. ते सरळ का नाही, हे विचारणारा शिंपी दोन महिन्यांत दुकान बंद करून गावी जाईल. माझ्या वडिलांनी मला कातरी हातात द्यायच्या आधी हे शिकवलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

मे महिन्यात साडूचा हात पहिल्यांदा आखडला. उजवा हात मागे जाताना मधेच थांबायचा, जसं कोणी मागून बाही धरली आहे. "खांदा धरलाय," तो म्हणाला, "एसीत झोपतो ना." मेहुणी तेल लावत होती. मी त्याचा स्विंग, म्हणजे काठीचा झोका, छातीपर्यंतच ठेवला. चेंडू पुन्हा सरळ. जुलैत काठी त्याच्या मुठीत फिरायला लागली. मी मुठीला कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करून दिली. चेंडू सरळ. गणपतीच्या सुमाराला मी त्याला सांगितलं, डाव्या हातानेच मारायचं असं समजा, उजवा फक्त सोबतीला. चेंडू सरळ. मधली रेघ कधी सुटली नाही, फक्त दर महिन्याला चेंडू एकेक वर्तुळ खाली लागत गेला. ते मला दिसत नव्हतं असं नाही. मी म्हणायचो, वय झालं, ताकद कमी होणारच. दर खेपेला अंग आटलेलं दिसलं की मी स्विंगही तेवढाच आत घ्यायचो आणि वर मिशीतल्या मिशीत हसायचो, की हे त्या दिव्याच्या शहाण्याला सात जन्मांत सुचलं नसतं.

गणपतीनंतरच्याच एका रविवारी त्या शहाण्याने मला लिफ्टपाशी गाठलं. साडू पुढे गेला होता.

"काका, राग मानू नका. एक बोलू?"

"बोल."

"अंकलचा उजवा हात बघितलात का, चालताना? डावा हलतो, उजवा हलतच नाय. नुसता लटकलेला असतो. मी दोनदा बोललो त्यांना, डॉक्टरकडे जाऊन या. ते बोलले, मास्तरनी सेट करून दिलंय."

"मग दिलंय ना सेट करून."

"तसं नाय काका. माझ्या आईला असंच झालेलं. आम्ही पण खांदाच समजलेलो."

मी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आणि म्हणालो, "तू आधी तुझ्या टी-शर्टचा मुंढा सैल करून घे. मग माझ्या साडूचा खांदा बघ."

लिफ्ट आली, मी आत गेलो. घरी जाताना बसमध्ये मी हे वाक्य बायकोला ऐकवलं, दोनदा. ती हसली नाही. "तो सांगत काय होता?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, जळतो. दुकानात सोमवारी एका गिऱ्हाइकालाही तेच वाक्य ऐकवलं. ते मात्र हसलं.

दिवाळीनंतर टॉवरवाल्यांची स्पर्धा होती. साडूला ती जिंकायची होती, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा मला. वर्तुळ कुठलं का असेना, मधल्या रेघेवर सगळ्यात जास्त चेंडू कोणाचे लागतात एवढंच मोजायचं होतं. अशा स्पर्धेत माझ्या साडूला कोण हरवणार? त्याचा स्विंग एवढा आखूड करून ठेवला होता मी, की चुकायला त्यात जागाच उरली नव्हती. तो जिंकला. वीतभर कप मिळाला. फोटोसाठी सगळे म्हणाले, वर धरा, वर धरा, आणि त्याने तो डाव्या हाताने वर धरला. कोच टाळ्या वाजवत माझ्याकडे बघत होता. मी नजर फिरवली, कारण मलाही दिसलं होतं.

त्या रात्रीच मी मेहुणीला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. सांगितलं ते कोचने. दुसऱ्या दिवशी तो तिला गेटपाशी थांबवून बोलला, आणि तिने आठ दिवसांत ठाण्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मला म्हणाली, "तुम्ही पण चला भाऊजी, तुमचं ऐकतात ते."

डॉक्टर बाई होत्या. शांत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी साडूला बोट आणि अंगठा भराभर टेकवायला लावला, व्हरांड्यात चालायला लावलं, कागदावर एक ओळ लिहायला लावली. अक्षरं ओळीच्या शेवटी मोहरीएवढी झाली. मग त्या म्हणाल्या, "आता डाव्या बाहीचं बटण काढा आणि परत लावा."

टक्. बटण निघालं. टक्. बटण लागलं.

डॉक्टरांनी त्याचं मनगट हातात घेतलं आणि कफ उलटून पाहिला.

शर्टांचं मी अजून सांगितलेलं नाही. जुलैत साडू एकदा एकटाच माझ्या दुकानात आला होता, शर्टांची पिशवी घेऊन. इतक्या वर्षांत तो कधी डोंबिवलीला माझ्या दुकानात आला नव्हता; त्याचे कपडे ब्रँडचे असायचे. म्हणाला, "मास्तर, ही बटणं फार किचकट असतात हो. काही सोपं होईल का? हिला सांगू नका, उगीच डोकं खाईल." उजवा हात बिघडला की आधी डाव्या बाहीचं बटण लागत नाही, कारण ते उजव्या हातानेच लावायचं असतं. हे शिंप्याला कोणी सांगावं लागत नाही. मी काहीही न विचारता अकराच्या अकरा शर्टांची काजं टाके घालून बंद केली, त्यावर बटणं पक्की शिवून टाकली आणि आतून टिचबटणं लावली. समोरच्या पट्टीलाही, दोन्ही कफांनाही, म्हणजे कुठे फरक दिसायला नको. असं सुबक काम मी फार वर्षांत केलं नव्हतं. बायकोलाही दाखवलं नाही, गिऱ्हाइकाची गोष्ट म्हणून.

"असे शर्ट कुठे मिळतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"मिळत नाहीत," साडू म्हणाला. "आमच्या मास्तरांनी खास करून दिलेत. वरून बघाल तर कळणारसुद्धा नाही." आणि त्याने डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं. माझ्या कामाची त्याने केलेली ती पहिली तारीफ.

"कधीपासून?"

तो आठवायला लागला. त्याच्या आधी मीच बोललो. "जुलैपासून."

मेहुणीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती चार महिने रोज सकाळी त्याच्यासोबत चहा पीत होती आणि रोज तिच्यासमोर तो टक् टक् करून तयार होत होता.

डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. मी म्हटलं, पण हात कापतोय कुठे? त्या म्हणाल्या, सगळ्यांचा आधी कापत नाही. काहींचा आखडतो, चालताना हलायचा थांबतो, आणि घरचे खांदा समजून तेल चोळत बसतात. मेहुणीने विचारलं, आधी आलो असतो तर? "आधी आला असतात म्हणून आजार गेला नसता," त्या म्हणाल्या, "पण औषध सुरू झालं असतं. हे मधले महिने एवढे जड गेले नसते यांना."

जड गेले होते, हे मला तेव्हा कळलं. तो चेंडू मारायला यायचा ते हौसेने नव्हे. हात अजून चालतोय हे दर रविवारी बघायला यायचा, आणि मी दर रविवारी त्याला ते खोटं दाखवून पाठवत होतो. टॉवरवाल्यांना, कोचला, त्या पांढऱ्या मोज्यांना मी इतके महिने हसलो. त्या सगळ्यांत मूर्ख कोण होता, ते मी आता कोणाला विचारत नाही. मला माझी शिसारी आली.

साडू अजून सातव्या मजल्यावर जातो. औषधाने बराच सैल झालाय. कोचने माझ्या खडूच्या रेघा पुसून टाकल्यात आणि तो आता साडूला रोज हात मागे, आणखी मागे न्यायला लावतो. चेंडू वाकडे जातात. मी रविवारी बाकावर बसतो आणि तोंड बंद ठेवतो. कोचने मला त्या दिवशीच्या बोलण्याची एकदाही आठवण करून दिली नाही. मी असतो तर दिली असती.

डॉक्टरकडून आल्यावर दहाएक दिवसांनी मेहुणी साडूला घेऊन डोंबिवलीला आली आणि तिने पिशवी कटिंगच्या टेबलावर ठेवली.

"सगळ्या शर्टांची काजं उघडा," ती म्हणाली. "होती तशी बटणं करा."

"ताई, त्यांना त्रास होईल."

"होऊ दे. मला तो दिसला पाहिजे. तुम्हाला दिसत होता, तुम्ही झाकून ठेवलात."

मी ब्लेड घेतलं आणि एका शर्टाचे टाके तिथेच उसवले. सुबक टाके होते, उसवायला वेळ लागला. टिचबटणं काढली, बटणं काजासमोर नव्याने लावली. साडू स्टुलावर बसून बघत होता. शर्ट त्याच्या अंगावर चढवला. पोटाकडून सुरुवात करून त्याने एकेक बटण लावत आणलं. मग डावा कफ. उजव्या हाताची बोटं बटणापाशी पोचायची, काजाची कड धरायची, आणि सुटायची. पुन्हा धरायची.

माझा हात आपोआप पुढे गेला. "मास्तर, थांबा," साडू म्हणाला. त्यात या वेळी तिखट नव्हतं.

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत धरून ठेवले. समोर आरसा होता, पण तो आरशात बघत नव्हता. बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती. घाम त्याच्या कानामागून कॉलरवर आला. शेवटी बटण काजातून पलीकडे गेलं आणि त्याने हात खाली सोडला.

"सहा मिनिटं," मेहुणी मागून म्हणाली, आणि पिशवीतला दुसरा शर्ट काढून माझ्यासमोर ठेवला.